बियाण्याला हात लावू नका

चपला काढा, घड्याळ काढा. फोन हवा तर खिशात असू द्या, पण जिथं निघालोय तिथं त्याचा उपयोग बदाम फोडायच्या दगडाइतकाच. स्वेटर मात्र घाला. आपण आयर्लंडला चाललोय, आणि तिथला पाऊस मोठा लबाड असतो. पडतोय असं वाटतही नाही आणि पाहता पाहता माणूस हाडापर्यंत भिजतो. साधारण 9,700 वर्षं मागं जायचंय. डोळे मिटा.

उतरलात ते थेट चिखलात.

डोळे उघडायच्या आधीच नाकाला पत्ता लागतो. धूर, ओलं कातडं आणि त्याच्यावर कुरघोडी करणारा मासळीचा वास. कोकणातले असाल तर एक क्षण वाटेल, मालवणच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घातलीय तिथंच येऊन पडलो की काय. तसंच काहीसं आहे. समोर बॅन नदी, समुद्राला मिळायच्या थोडी अलीकडे. नदीकाठच्या उंचवट्यावर काठ्यांचे मांडव, त्यांवर चिरलेले सामन, खाली मंद धूर. पुढे कधीतरी इथं कोलरेन नावाचं शहर होईल आणि या उंचवट्याला लोक माउंट सँडल म्हणतील. आत्ता तो नुसता उंचवटा आहे. भोवती जंगल इतकं दाट की नदी हाच एक रस्ता.

माणसं दिसली का? आयर्लंड म्हटल्यावर तुम्ही लाल केसांची, गोरीपान, चेहऱ्यावर ठिपके असलेली माणसं शोधताय. सोडून द्या. समोरून येणारी बाई तुमच्याइतकी किंवा तुमच्याहून सावळी आहे, आणि त्या सावळ्या चेहऱ्यात निळे डोळे. दचकू नका. या बेटावरच्या दोन शिकारी माणसांच्या हाडांतला डीएनए वाचला गेलाय, आणि त्यातून हेच रूप समोर येतं. ती दोघं या बाईच्या बरीच नंतरची, पण त्याच गोतातली. बाई तुमच्याकडे बघते, मग तुमच्या स्वेटरकडे. लोकर ही चीज तिनं आजवर पाहिलेलीच नाही. या बेटावर मेंढी यायला अजून काही हजार वर्षं आहेत.

तुम्हाला आत घेतात. झोपडी गोल, आरपार सहा मीटर. लवचिक कोवळी झाडं तिरकी रोवून, आत वाकवून बांधलेली, त्यांवर कातडी. 1973 ते 1977 या काळात पीटर वुडमन नावाच्या पुरातत्त्वज्ञाला इथं खणताना यातलं काहीही मिळणार नाही. मिळतील फक्त मातीत वर्तुळात उमटलेले काळे डाग, रोवलेल्या काठ्यांच्या खड्ड्यांचे. एकाच जागी पुन्हा पुन्हा झोपडी उभारली, हे तो त्या डागांवरून ओळखेल. तुम्हाला मात्र डाग शोधायची गरज नाही, तुमचं डोकं आत्ताच त्यातल्या एका काठीवर आपटलंय.

आत अंधार. मधोमध खड्ड्यात चूल, धूर वर जातो आणि वाटेत प्रत्येकाच्या डोळ्यांची विचारपूस करत जातो. नऊ माणसं, एक कुत्रा आणि आता तुम्ही. ओल्या कुत्र्याचा वास हजारो वर्षांत तसूभर बदललेला नाही, याची नोंद घ्या. कुणाचा तरी गुडघा तुमच्या पाठीत रुततोय, कुणाचं तरी पोर तुमच्या कानाशी खोकतंय. पुण्या-मुंबईच्या चाळीत वाढला असाल तर पाच मिनिटांत रुळाल.

जेवायला वाम. काठीला लावून भाजलेली, चरबी निखाऱ्यावर टपटपतेय आणि प्रत्येक थेंबागणिक भडका उडतोय. मीठ नाही, तिखट नाही, भांडंही नाही. मडकं अजून या बेटावर आलेलं नाही. हात भाजून घ्यायचे आणि खायचं. मग भाजलेले हेझलनट, मग तळ्यातल्या कमळासारख्या फुलांचे दाणे, मग तोंड वाकडं करणारं रानटी आंबट सफरचंद. हरणाचं मांस मागू नका, हसं होईल. शेजारच्या ब्रिटनच्या जंगलात हरणांचे कळप आहेत, रानगाई आहेत. इथं तसलं काही नाही. इथं रानडुक्कर, ससा, पाणपक्षी आणि मासे. म्हणून तर हे लोक नदीला चिकटून बसलेत. उन्हाळ्यात सामन वर चढतो, शरदातल्या काळोख्या रात्री वाम समुद्राकडे उतरते, त्याच सुमाराला हेझलची झुडपं लगडतात, आणि थंडीत डुकराची कोवळी पिल्लं. पंचांग असं पाण्यातून आणि फांद्यांवरून वाचायचं.

सकाळी तुम्हाला कामाला लावतात. हेझलनट गोळा करायचे. तुम्ही उत्साहानं हिरवे तोडता आणि सहा वर्षांच्या पोरीकडून बोलणी खाता. भाषा कळत नाही, पण सूर कळतो: एवढा मोठा घोडा झालास आणि पिकलेलं ओळखता येत नाही? मग एक म्हातारा गारगोटीचे नखाएवढे पातळ कपचे उडवत बसलेला असतो, त्याच्याजवळ तुम्ही जरा विसावायला जाता. टक, टक, टक. असे पाच-सहा कपचे राळेनं एका काठीत ओळीनं बसवले की भाला होतो. तुम्ही एक कपचा बोटांत धरून बघता. बोट कापल्याचं रक्त दिसल्यावरच कळतं. सगळी झोपडी हसते. त्या हसण्यात तुम्हीही सामील झालात की तुम्ही घरचे.

संध्याकाळी तुम्ही खुणेनं विचारता, उद्या काय? म्हातारा हनुवटीनं नदी दाखवतो. तुम्ही पुन्हा विचारता, थंडीत काय? तो दाण्यांनी भरलेला एक खड्डा दाखवतो. साठवण यांना कळते, हे लक्षात ठेवा. आदिमानव आला दिवस ढकलायचा, असं शाळेत कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. पण खड्ड्यातला दाणा खाल्ला की खाल्ला, हिशेब तिथंच मिटतो. तो कुणाला परत द्यायचा नसतो. एवढी एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा, पुढे लागेल.

आणि फार भाळूही नका. रात्री एक बाई दाढदुखीनं कण्हत होती. कुणाकडे काही इलाज नव्हता, आणि पहाटेपर्यंत कुणी झोपलं नाही.

चला. आता पुढे, 3,400 वर्षं एका दमात. मध्ये बेटाच्या नैऋत्य टोकाला, केरी परगण्यात, फेरिटर्स कोव्ह नावाच्या किनाऱ्यावर क्षणभर टेकू. लोक अजून त्याच गोतातले, शिकारी. वाऱ्यानं बोलणं उडून जातंय. खडकाला चिकटलेले शंख दगडानं ठोकून काढायचे, आतलं खायचं आणि कवच मागे फेकायचं. त्या ढिगाचा वास नाकात बसतो. पण थांबा, त्या वासात काहीतरी वेगळं मिसळलंय. गोड, उबदार, शेणकट. तुम्हाला हा वास जन्मापासून ठाऊक आहे, इथल्या माणसांना नाही. गाय!

या बेटावर गाय कधीच नव्हती. आली ती समुद्रावरून. इथं खणल्यावर गाईगुरांची मोजकी हाडं मिळाली, साधारण 6,300 वर्षांपूर्वीची, तीही अशा माणसांच्या उकिरड्यात ज्यांनी शेताचं नावही ऐकलेलं नव्हतं. जनावर जिवंत आलं की नुसती मांडी आली, भेट आली की सौदा झाला, हा तर्क करायला तुम्ही मोकळे. मला स्वतःला ते वासरू दिसतं. कातड्याच्या होडीच्या तळाशी, चारी पाय बांधलेलं, लाटांनी भिजलेलं, सबंध वाट हंबरत आलेलं. आणि किनाऱ्यावरची पोरं, पहिल्यांदाच तो आवाज ऐकून आईमागे दडलेली.

आणखी थोडं पुढे. लिमरिक परगणा, टँकर्ड्सटाउन. आजपासून 5,700 वर्षं मागं. थंडी संपत आलीय.

इथं पहिला धक्का कानांना. जंगल गप्प होतं, इथं खणखणाट आहे. घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी ओकच्या खोडावर पडताहेत. ताज्या फोडलेल्या ओकचा आंबूस वास, जळणाऱ्या फांद्यांचा धूर, उघड्या पडलेल्या मातीचा वास. आणि उजेड! झाडं तोडून आभाळाला भगदाड पाडलंय. त्या भगदाडाखाली घर, आणि घर चौकोनी. 7.4 मीटर लांब, 6.4 मीटर रुंद, भिंती ओकच्या फळ्यांच्या. तुम्हाला हायसं वाटतं, कारण घर म्हटलं की आपल्याला कोपरा लागतो. कोपऱ्यात काहीतरी ठेवता येतं, लपवता येतं. गोल झोपडीत माणसं मावतात, चौकोनी घरात माणसं आणि त्यांच्या वस्तू.

(शेती आली की घर चौकोनी झालंच, असा नियम मात्र करू नका. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी इनामगावला याच्या उलट घडलं. तिथले आधीचे शेतकरी ऐसपैस चौकोनी घरांत राहिले आणि नंतरचे छोट्या गोल झोपड्यांत आले. पाऊसमान बिघडलं आणि माणसं गोल झाली, असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं.)

दारात एक म्हातारी उभी आहे. रंग उजळ, डोळे तपकिरी. बेलफास्टजवळ बॅलिनाहॅटीला सापडलेल्या अशाच एका शेतकरी बाईच्या हाडांतून कळलं की केस काळे, डोळे तपकिरी आणि पूर्वजांचं मूळ पार पश्चिम आशियाकडचं. हे लोक शिकाऱ्यांचे वंशज नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या सरकत, शेवटी समुद्र ओलांडून आलेले पाहुणे आहेत, आणि पाहुणेच घरमालक झालेत. निळ्या डोळ्यांची सावळी माणसं कुठं गेली? अगदीच पुसली गेली नाहीत. क्लेअर परगण्यातल्या पार्कनाबिनियाच्या दगडी कबरीत पुरलेल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात काही पिढ्यांमागचा एक शिकारी पूर्वज सापडलाय. कुणीतरी कुणाच्या तरी दारात आलं होतं एवढं नक्की.

म्हातारी तुम्हाला आत बोलावते. चुलीवर गोल बुडाचं, मध्ये कंगोरा असलेलं मडकं राखेत रुतवून ठेवलंय. अखेर भांडं! तुम्ही डोकावता. पातळ, करड्या रंगाचं, फारसं काही नसलेलं पेज-वजा काहीतरी. थंडीचं शेवटचं टोक आहे, कणग्या खरवडून झाल्यात. गोठ्यातली गाय कालच व्यालीय, म्हणून घरात थोडी लगबग. आधी वासराला लावायचं, पान्हा सुटला की बाजूला ओढायचं आणि धार काढायची. तुमच्या आजोळी असंच करायचे. दूध मात्र भसकन पिऊ नका, निदान यांच्या देखत नको. इथं मोठ्या माणसांना कच्चं दूध पचत नाही. ते आंबवायचं, घट्ट करायचं, मग खायचं. मडक्यांच्या आतल्या बाजूला मुरलेली चरबी प्रयोगशाळेत तपासली तेव्हा बहुतेक मडक्यांत दूधच निघालं. विरजणाची ओळख पटली ना? पहिल्यांदाच इथं परकं वाटत नाही.

आणि मग तुमची नजर वर जाते. आढ्याला टांगलेली एक कातडी पिशवी, उंदराच्या उडीबाहेर, धुराच्या वाटेत. तुम्ही कुतूहलानं ती चाचपता, तोंड सैल करून आतले दोन दाणे तळहातावर घेता. लांबट, टरफलात घट्ट बसलेले. अरे, ही तर खपली! जग याला एमर म्हणतं, पण सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला सांगायला नको. हाच तो सडल्याशिवाय टरफल न सोडणारा गहू, ज्याची खीर आपल्याकडे सणाला होते. पाच हजार सातशे वर्षं मागं, घरापासून हजारो मैल दूर, आणि भेटली कोण तर खपली. आनंदानं तुम्ही ते दाणे तोंडाकडे नेता.

फाट्‌!

म्हातारीनं हातावर मारलंय. जोरात. दाणे जमिनीवर पडलेत आणि ती गुडघ्यांवर बसून चुलीच्या उजेडात ते शोधतेय. दोन दाणे. कोपऱ्यात तिचा नातू बसलाय, चार-पाच वर्षांचा. तो रडत नाहीये, नुसता बघतोय. रडायचा दम गेला की पोरं अशी बघत बसतात. त्याच्याही पोटात सकाळपासून त्या पेजेशिवाय काही नाही. पिशवी त्याच्या डोक्यावर टांगलेली आहे आणि म्हातारी दाणे मोजून पुन्हा पिशवीत टाकते.

घरात खायला आहे आणि खायचं नाही. माउंट सँडलच्या म्हाताऱ्याला हे समजावून पाहा. तो तुम्हाला वेडा म्हणेल. हा दाणा खड्ड्यातल्या हेझलनटसारखा यांचा नाही, जमिनीचा आहे. तिच्याकडून उसना घेतलेला, वेळेवर परत करायचा. आपल्याकडे दुष्काळात माणसं गाव सोडून गेली, दागिने मोडले, पण बियाण्याचं गाठोडं उशाशी ठेवून झोपली. ही रीत कुठून आली ते तुम्ही आत्ता हातावरच्या वळासकट बघताय.

मग काम. पाट्यासारखा एक खोलगट दगड, त्यावर वरवंटा मागेपुढे रेटायचा. जातं यायला अजून फार अवकाश आहे. गुडघे टेकून, पाठ वाकवून, तासन्‌तास. पहिल्या दहा मिनिटांत खांदे बोलायला लागतात. अर्ध्या तासात मान. पिठात दगडाची कच उतरते, ती दाताखाली करकरते. दुपारी दगड वाहायचे, संध्याकाळी लाकूड, त्यानंतर गुरांचं पाणी. झोपडीतला म्हातारा दुपारी कपचे उडवत गप्पा मारत होता, आठवतं? इथं दुपार अशी काही नसतेच.

तुमची मान दुखतेय हे म्हातारीला सांगू नका, ती हसेल. पण क्लेअरमधल्या बरेनच्या माळावर पोलनाब्रोनची दगडी कबर आहे, तिच्यातल्या हाडांनी ते सांगून ठेवलंय. अ‍ॅन लिंच यांनी 1986 आणि 1988 मध्ये तिथं उत्खनन केलं, तेव्हा किमान 35 माणसांची हाडं मिळाली. माना आणि खांद्यांचे सांधे झिजलेले, ओझी वाहून. बहुतेक मोठी माणसं तिशीच्या आत गेलेली. एकाच्या कमरेच्या हाडात दगडी बाणाचं टोक रुतून राहिलंय. ते कशावरून झालं कोण जाणे, पण जमीन, गुरं आणि कुंपण एकदा आलं की भांडणाला कारण शोधावं लागत नाही. बांधावरून डोकी फोडणाऱ्या मुलखातल्या माणसाला हे समजवायला नको.

त्याच कबरीत एक सहा महिन्यांचं बाळ आहे. मुलगा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या लारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएनएच्या अभ्यासातून कळलं की त्याला डाउन सिंड्रोम होता. आत्ता तुम्ही तिथं, त्या चुनखडीच्या उभ्या शिळांपाशी असता तर काय दिसलं असतं? ओला वारा, गुराख्यांचे बिनबोलते चेहरे, शिळांमधली अरुंद फट आणि त्यातून आत सरकवलेलं एक फार लहान गाठोडं. एवढा दगड ज्यांनी उभा केला, त्यांच्यात त्याला जागा मिळाली. मी इथं फार बोलत नाही.

परत चला, म्हातारीचं शेत वाट बघतंय. चार दिवस ऊन पडलंय. झाडांच्या बुंध्यांमधली माती टोकदार काठ्यांनी उकरून ठेवलीय. म्हातारी पिशवी आणते, आढ्यावरून उतरवताना कुणीही बोलत नाही. नांगर नाही, बैल नाही, पाभर नाही. चाडंच नाही तर चाड्यावर मूठ कुठली? मूठ आहे, ती सरळ मातीवर. ती तुमच्या ओंजळीत दाणे ओतते. म्हणजे भरवसा टाकला म्हणायचा, हातावरचा वळ अजून उतरला नसला तरी.

फोकायला लागा. मनगट सैल ठेवा. एवढे गच्च नका टाकू, हं, असं. पायाखाली माती गार आणि भुसभुशीत, गांडुळं वर आलेली. करड्या-काळ्या कावळ्यांचा थवा फांदीवर येऊन बसलाय. त्यांना पेरणी कळते. तुमचा हात आता रिकामा होत आलाय, आणि तळव्याच्या घामाला एक दाणा चिकटून राहिलाय.

नातू शेजारी उभा आहे. तो दाण्याकडे बघतो, मग तुमच्याकडे. म्हातारी दहा पावलांवर, पाठमोरी.

तुम्ही तळवा मातीवर झटकता. पोरगा काही म्हणत नाही, वाकून एक खडा उचलतो आणि कावळ्यांवर भिरकावतो. मग दुसरा. आता कोंब वर येईपर्यंत रोज पहाटेपासून हेच त्याचं काम.

मागे नदीत काहीतरी मोठं उसळून पाण्यावर आपटतं. सामन असणार, वर चढू लागलाय. या लोकांची हाडं सांगतात की ते माशाला फारसं तोंड लावत नाहीत. पोरगा कावळ्यांवरची नजर काढत नाही. म्हातारी माती सारखी करत राहते. तुम्ही एकटेच वळून बघता.